ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचे आश्वासन कसे तपासावे

ज्येष्ठ नागरिकांवर सरकारी खर्चाने उपचार करण्याचे कलम आज अनेक देशांतील राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांत असते, आणि ते असण्यात गैर काहीच नाही. ज्येष्ठांची संख्या वाढत आहे, ते नेमाने मतदान करतात, आणि त्यांच्या आजारपणाचा खर्च बहुधा मुलांवर येत असल्यामुळे अशा आश्वासनामागे दोन पिढ्या उभ्या राहतात. अडचण अशी की या विम्यातील उणीव लगेच दिसत नाही. ती दिसते तेव्हा माणूस रुग्णालयाच्या खाटेवर असतो आणि वाद घालण्याची ताकद ना त्याच्यात उरलेली असते, ना त्याच्या घरच्यांत. म्हणून योजना जाहीर होते त्याच वेळी ती शांतपणे तपासून पाहिली पाहिजे. ती कशी तपासावी, कोणते कागद वाचावेत आणि कोणते प्रश्न विचारावेत, हे पुढे सांगितले आहे. ही पद्धत कोणत्याही देशातील योजनेला लावता येते. उदाहरणे मात्र जिथे हे प्रयोग प्रत्यक्ष झाले त्या देशांची घेतली आहेत.

जाहिरातीतील आकडा आधी बाजूला ठेवावा

योजनेचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे संरक्षणाची कमाल रक्कम. तो सर्वांच्या लक्षात राहतो आणि तपासणीत सर्वांत कमी उपयोगी पडतो. भारतातील उदाहरण घेऊ. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा विस्तार करून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला. लाभार्थी सुमारे ६ कोटी असतील असे सांगण्यात आले आणि सुरुवातीची तरतूद ३,४३७ कोटी रुपयांची असल्याचे जाहीर झाले. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर माणशी सहाशे रुपयांच्या आतली रक्कम येते.

हा भागाकार सरकारला खोटे ठरवण्यासाठी नाही. विमा असाच चालतो: बहुतेक जण त्या काळात दाखल होणार नाहीत, काहींची नोंदणीच झालेली नसेल, आणि जे दाखल होतील त्यांतील फार थोड्यांचा खर्च कमाल मर्यादेपर्यंत जाईल, असे गृहीत धरूनच तरतूद केली जाते. परंतु आश्वासन किती आहे आणि त्यासाठी प्रत्यक्ष किती पैसे ठेवले आहेत, यांतील अंतर भागाकाराने कळते. पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पात तीन रकाने पाहावेत, म्हणजे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. कार्डधारक वाढत असताना प्रत्यक्ष खर्च वाढत नसेल, तर कुठेतरी रुग्ण अडत आहेत किंवा रुग्णालये माघार घेत आहेत, असा संशय घेण्यास जागा आहे.

रक्कम कोणाच्या नावे आहे, हेही वाचावे. वरील योजनेत ती प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र नाही, कुटुंबाला आहे. घरात पती व पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाखांची मर्यादा दोघांत मिळून आहे. जे कुटुंब आधीपासून मूळ योजनेत आहे, त्यातील सत्तरीपुढच्या सदस्यांसाठी मात्र आणखी ५ लाखांची वेगळी रक्कम ठेवलेली आहे, आणि ती घरातील तरुण सदस्यांना वापरता येत नाही. अशा ओळी जाहिरातीत येत नाहीत. त्या मार्गदर्शक सूचनांत असतात, आणि तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

वयाची रेघ कुठे ओढली आहे

अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेत ही रेघ ६५ वर आहे आणि ६७ वर नेण्याचे प्रस्ताव अधूनमधून येत असतात. भारतात २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणविषयक कायद्यानुसार साठाव्या वर्षी माणूस ज्येष्ठ ठरतो, पण केंद्राच्या योजनेतील उत्पन्नाची अट नसलेला विमा सत्तराव्या वर्षी मिळतो. अनेकांची मधली दहा वर्षे नोकरीतला विमा संपलेला आणि खाजगी विम्याचा हप्ता चढलेला, अशी जातात. वय वाढवण्याचा प्रस्ताव हा खर्च वाचवण्याचा मार्ग म्हणून मांडला जातो. वास्तविक तो खर्च नाहीसा होत नाही, कुटुंबाच्या खिशात सरकतो. वयाचा पुरावा कोणता लागतो, आणि आधीच्या एखाद्या सरकारी योजनेचा लाभ सोडावा लागतो का, एवढे दोन प्रश्न विचारून पुढे जावे.

एका आजारपणाचे वर्ष कागदावर लिहून पाहावे

संपूर्ण तपासणीत एकच गोष्ट करण्याइतका वेळ असेल, तर ही करावी. एका काल्पनिक ज्येष्ठ व्यक्तीचे आजारपणाचे एक वर्ष महिन्यामहिन्याने लिहून काढावे आणि प्रत्येक ओळीसमोर योजना काय देते ते नोंदवावे.

समजा, ७६ वर्षांची एक स्त्री आहे. तिला मधुमेह व रक्तदाब आहे, रोज चार-पाच गोळ्या आणि इन्शुलिन चालू आहे, दर दोन महिन्यांनी रक्ततपासणी होते. मार्चमध्ये ती न्हाणीघरात घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, आठवडाभराने ती घरी येते. त्यानंतर तीन महिने व्यायामोपचार, उठण्याबसण्यासाठी दिवसभर एक माणूस, वॉकर, कमोडची खुर्ची. वर्षअखेरीस तिच्या स्मरणशक्तीत फरक दिसू लागतो आणि तिला एकटे ठेवणे शक्य राहत नाही.

आता या यादीवर भारतातील योजना ठेवून पाहा. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील मुक्काम तिच्यात बसतो. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधेही बसतात. वर्षभराच्या गोळ्या, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, पंधराव्या दिवसानंतरचे व्यायामोपचार आणि सोबतीचा माणूस यांपैकी काहीही बसत नाही. म्हणजे वर्षातील आठवडाभराचा मुक्काम आणि त्याच्या मागेपुढे थोडे दिवस झाकले गेले. बाकीचे वर्ष उघडे राहिले.

हीच यादी मेडिकेअरवर ठेवली तर चित्र वेगळे दिसते, पण पूर्ण तिथेही नाही. डॉक्टरची भेट व तपासण्या तिच्यात येतात. औषधांचा समावेश मात्र १९६५ च्या मूळ कायद्यात नव्हता; त्यासाठी २००३ साली वेगळा कायदा करावा लागला आणि तो लाभ २००६ पासून मिळू लागला. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषा केंद्रातील मुक्काम ठरावीक अटींवर जास्तीत जास्त १०० दिवस मिळतो, त्यातील पहिल्या २० दिवसांनंतर रुग्णाला रोजचा वाटा भरावा लागतो, आणि नुसते आंघोळ घालणे, भरवणे, सोबत राहणे अशी दीर्घकालीन देखभाल तिच्यात नाहीच. ही गोष्ट अनेक अमेरिकन कुटुंबांना गरज पडेपर्यंत माहीत नसते.

दीर्घकालीन देखभाल हा सर्व देशांतील ज्येष्ठांच्या विम्याचा सर्वांत दुखरा भाग आहे, कारण ती उपचार आहे की घरकाम, हे कोणालाच नेमके ठरवायचे नसते. ठरवले की खर्च सुरू होतो. जपानला ते ठरवावे लागले. तिथे १९७३ साली ७० वर्षांपुढील लोकांचे उपचार मोफत करण्यात आले. घरी देखभाल करणारे कोणी नाही म्हणून वृद्ध माणसे महिनोन्महिने रुग्णालयात राहू लागली. वैद्यकीय कारण संपलेले असे, तरी खाट रिकामी होत नसे. मोफत उपचारांची ती व्यवस्था दहा वर्षांतच, १९८३ पासून, बंद झाली आणि रुग्णाचा वाटा पुन्हा आला. शेवटी २००० साली जपानने देखभालीसाठी स्वतंत्र विमा सुरू केला, ज्याचा हप्ता वयाच्या चाळिशीपासून भरावा लागतो. जर्मनीने ते पाऊल १९९५ सालीच उचलले होते. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या योजनेत देखभालीचा शब्दही नाही, ती शस्त्रक्रियेची योजना आहे. तिला ज्येष्ठांच्या आरोग्याची योजना म्हणू नये. शस्त्रक्रियेची योजनाही आवश्यक आहे, अनेक घरे तिने कर्जातून वाचतात, परंतु तिचे नाव तिच्या कामाएवढेच असावे.

पैसा कोण भरणार, हे नाव घेऊन विचारावे

लाभ जाहीर करताना सर्व पक्ष बोलतात, वसुलीबद्दल बोलताना आवाज खाली येतो. याचे कारण समजण्यासाठी अमेरिकेतील १९८८ चा कायदा पाहावा. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत, दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने, मेडिकेअरमध्ये मोठ्या आजारांच्या खर्चावर मर्यादा घालणारा कायदा मंजूर झाला. त्याचा भार तरुण कामगारांवर न टाकता लाभ घेणाऱ्या ज्येष्ठांनीच, त्यातही अधिक उत्पन्न असलेल्यांनी जादा हप्त्याच्या रूपाने उचलावा, असे ठरले. पहिल्या वर्षी हा जादा हप्ता माणशी ८०० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. ज्यांच्याकडे जुन्या नोकरीतून असेच संरक्षण आधीच होते ते संतापले. देखभालीचा खर्च, ज्याची भीती सर्वाधिक होती, तो या कायद्यात नव्हताच. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष डॅन रोस्टेन्कोव्स्की यांची मोटार संतप्त ज्येष्ठांनी अडवली. ते मोटारीतून उतरून पायी निघाले आणि जमाव त्यांच्या मागे गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा जवळजवळ संपूर्ण मागे घेतला.

हिशेबाच्या दृष्टीने तो कायदा न्याय्य होता असे म्हणता येईल, तरीही तो टिकला नाही. म्हणून कोणतीही योजना तपासताना, हप्ता भरणाऱ्यांना त्या बदल्यात काही नवे मिळते का, हा प्रश्न आवर्जून विचारावा. इंग्लंडमध्ये हीच गाठ अजून सुटलेली नाही. २०१७ च्या निवडणुकीत थेरेसा मे यांच्या पक्षाने घरी मिळणाऱ्या देखभालीचा खर्च ठरवताना राहत्या घराची किंमतही मोजण्याचा प्रस्ताव मांडला, विरोधकांनी त्याला ‘डिमेन्शिया कर’ (स्मृतिभ्रंशावरचा कर) म्हटले, आणि चारच दिवसांत त्यात बदल करावा लागला. पुढे बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने देखभालीच्या वैयक्तिक खर्चावर ८६,००० पौंडांची आजीवन मर्यादा जाहीर केली. तिची अंमलबजावणी लांबत गेली आणि २०२४ च्या जुलैमध्ये नव्या सरकारने ती रद्दच केली.

याउलट जर्मनीने देखभाल विमा आणताना मालकवर्गावर पडणाऱ्या हप्त्याची भरपाई म्हणून एक सार्वजनिक सुट्टी रद्द केली. सॅक्सनी राज्याने सुट्टी कायम ठेवली आणि तेथील कामगार हप्त्यातील मोठा वाटा स्वतः उचलतात. किंमत सर्वांसमोर ठेवून घेतलेला हा निर्णय आजही टिकून आहे. जपानमध्ये ७५ वर्षांपुढील लोकांच्या उपचारव्यवस्थेत ढोबळमानाने निम्मा पैसा करांतून, सुमारे चार दशांश तरुण पिढीच्या विम्यांतून आणि सुमारे एक दशांश ज्येष्ठांच्या हप्त्यांतून येतो. आपल्यासमोरच्या योजनेसाठीही असाच तिहेरी तक्ता मांडावा: करदाते किती, नोकरी करणारे किती, लाभार्थी किती. शिवाय संघराज्य असेल तर केंद्र व राज्य यांचा वाटा लिहावा. भारतात तो बहुतेक राज्यांत ६० व ४० असा आहे, आणि राज्याने आपला वाटा वेळेवर दिला नाही तर रुग्णालयाची बिले थकतात.

‘योजना दिवाळखोरीत जाणार’ या वाक्याला घाबरण्याआधी ते नीट वाचावे. मेडिकेअरच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार रुग्णालयीन उपचारांचा राखीव निधी २०३३ मध्ये संपेल. याचा अर्थ त्या वर्षी विमा बंद पडेल असा नाही. वेतनावरील कर येतच राहील आणि त्यातून त्या भागाचा सुमारे ८९ टक्के खर्च भागेल. उरलेल्या ११ टक्क्यांची तजवीज करवाढीने, देयके कमी करून किंवा लाभ घटवून करावी लागेल, आणि ती निवड सर्वस्वी राजकीय आहे. आदल्या वर्षीच्या अहवालात हेच साल २०३६ होते. साल मागेपुढे होत राहते; वक्ता एकच साल धरून घोषणा देत असेल तर तो तफावत कशी भरणार, तेवढेच विचारावे.

रुग्णालयाला किती मिळते आणि केव्हा

कार्ड हातात असूनही दार बंद असण्याचे कारण बहुतेक वेळा इथे असते. सरकार प्रत्येक उपचाराचा पॅकेज दर, म्हणजे त्या संपूर्ण उपचाराची ठोक रक्कम, ठरवते. दर फार कमी असेल तर चांगली रुग्णालये योजनेत येत नाहीत, आली तरी तोट्याच्या उपचारांना खाट नसल्याचे सांगतात. दर सैल असेल तर गरज नसलेल्या शस्त्रक्रिया वाढतात. म्हणून आपल्या जिल्ह्यातील अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांची यादी उघडून, आपल्याला लागणारा विभाग तिथे खरोखर चालू आहे का, हे फोन करून विचारावे. यादीत नाव असणे आणि त्या नावाखाली हृदयरोगाचा किंवा अस्थिरोगाचा विभाग असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णालयाचा दावा मंजूर होऊन पैसे जमा होण्यास किती दिवसांची मुदत आहे, तेही पाहावे.

खरेदीदार म्हणून सरकारच्या हाती मोठी ताकद असते, ती वापरली जाते का, हा पुढचा प्रश्न. मेडिकेअर १ जुलै १९६६ रोजी प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा तिचा पैसा हवा असलेल्या रुग्णालयांना वंशावर आधारित वेगळे विभाग बंद करणे भाग पडले, आणि दक्षिणेकडील राज्यांतील रुग्णालयांनी वर्षानुवर्षे टाळलेला बदल काही महिन्यांत घडला. औषधांच्या बाबतीत मात्र २००३ च्या कायद्यानेच सरकारला कंपन्यांशी किमतीची वाटाघाटी करण्यास मनाई केली होती. ती मनाई २०२२ च्या कायद्याने अंशतः उठली. इन्शुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली आणि वाटाघाटीने ठरलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती २०२६ पासून लागू झाल्या. एक कलम काढण्यास जवळपास वीस वर्षे लागली, यावरून मूळ मसुदा वाचण्याचे महत्त्व लक्षात यावे.

सरकार स्वतः विमा चालवते की खाजगी कंपनीकडे सोपवते, हेही तपासावे. अमेरिकेत आज मेडिकेअरच्या पात्र लाभार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण खाजगी कंपन्यांनी चालवलेल्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांत आहेत. त्यांत खर्चाला वार्षिक मर्यादा असते, दात व चष्म्याचे काही लाभही असतात, आणि लोक ते पाहून त्यांत जातात. पण ठरावीक डॉक्टरांचे बंधन आणि पूर्वमंजुरीची अटही त्यासोबत येते. तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालात तपासलेल्या नाकारलेल्या पूर्वमंजुऱ्यांपैकी १३ टक्के मूळ मेडिकेअरच्या नियमांत बसत होत्या. त्यामुळे खाजगी सहभागाला सरसकट विरोध किंवा सरसकट पाठिंबा देण्याऐवजी नकार कोण देतो, किती दिवसांत देतो आणि लेखी कारण देतो का, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

मसुद्याच्या टप्प्यावर काय करावे

योजना अजून मसुद्यात असेल आणि हरकती व सूचना मागवल्या असतील, तर ती मुदत चुकवू नये. भावनिक निवेदनापेक्षा, वर सांगितलेल्या आजारपणाच्या वर्षाचा तक्ता जोडलेले एक पानी पत्र अधिक परिणामकारक असते, कारण त्यात कोणत्या महिन्यात, कोणत्या सेवेसाठी, किती खर्च कुटुंबावर राहतो हे अधिकाऱ्याला थेट दिसते. उमेदवाराला विचारतानाही प्रश्न नेमके ठेवावेत: रोजच्या औषधांचा समावेश कोणत्या वर्षापासून, देखभालीसाठी वेगळा निधी कोणत्या करातून, आणि पॅकेज दर किती वर्षांनी सुधारणार. उत्तर तारखेसह लिहून ठेवावे आणि पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी काढून पाहावे.

तक्रारनिवारणाचे कलम शेवटी असते आणि बहुतेक जण तिथपर्यंत पोहोचत नाहीत. ते अवश्य वाचावे. नकाराविरुद्ध अपील कोणाकडे करायचे, ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीने कुटुंबातील व्यक्तीला करता येते का, निकालाची मुदत तासांत आहे की आठवड्यांत, आणि निकाल येईपर्यंत चालू उपचार थांबवता येतात की नाही, ही चारही उत्तरे नियमांत शब्दशः असली पाहिजेत. ती नसतील, तर आपल्या एक पानी पत्रात त्यांची मागणी सर्वांत वर लिहावी.